पुढे सरकवलेला प्याला

‘मन राखा, बायांनो’ असं कुणी गोड आवाजात म्हणालं की माझं टाळकं सरकतं. एरवी मी निमूट ऐकून घेते, पण भाताला रंग आला की अजिबात ऐकवत नाही. सध्या आमच्या कासा गावाच्या आसपास कुठंही बघा, लवकर पिकणारं हळवं भात पिवळं पडलंय, ऊन मानेला चटके देतंय, बांधावरचं गवत वाळून पायाला टोचतंय आणि सकाळी सातपासून शेताशेतातून पत्र्याचे डबे बडवले जातायत. हा राखणीचा महिना. दाणा भरला की रावे, म्हणजे पोपट, येतात, थव्यानं येतात, आणि खातात त्यापेक्षा जास्त कुरतडून खाली टाकतात. म्हणून शेतात चार खांबांवर माळा बांधायचा, वर बसायचं आणि ओरडायचं. माझं सगळं लहानपण या माळ्यावर ओरडण्यात गेलं. आवाज माझा तेव्हापासून असा आहे, त्याला इलाज नाही.

गुरुवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांची सभा होती. रविवारी कापणीचा सण, त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणून ही तयारीची सभा. पार वेवजीहूनसुद्धा दोघी-तिघी आल्या होत्या. आमच्या नव्या पाळकांची बायको वयानं लहान, पण उत्साह दांडगा. तिनं मला गळ घातली, ‘जमनाताई, तुम्ही आमच्यात मोठ्या, तुम्हीच बोला. विषय, मनाची राखण आणि ठरवून जगणं.’ मी हो म्हणाले. का हो म्हणाले देव जाणे. पंचवीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळलीत, चार बायकांसमोर बोलायला मला काय होतंय, असं वाटलं असेल.

मी उभी राहिले आणि दारातून एक मुलगी टोपली घेऊन आली. भात पाखडून झाल्यावर भरून ठेवतो तसली बांबूची टोपली. ‘सगळ्यांनी आपापले फोन यात टाका गं,’ पाळकांची बायको हसत म्हणाली, ‘दोन तास जगाला दार बंद.’ आणि बायका भराभर फोन टाकायला लागल्या.

मी ओरडले. माळ्यावर ओरडायची तशी ओरडले. ‘ती टोपली उचला आधी! उचला म्हणते ना!’ कुणाला काही कळेना. ती पोरगी टोपली घेऊन तशीच उभी. मी पुढं होऊन टोपली हातातून ओढली, फोन खाली सतरंजीवर ओतले आणि टोपली दाराबाहेर भिरकावली. मग चपला घातल्या आणि घरी आले. मनाच्या राखणीवरचं माझं प्रवचन एवढंच झालं.

घरी नवरा टेम्पो धूत होता. त्याच्या अच्छाडच्या रोजच्या खेपा, चेकनाक्यावरची रांग, गुजरातकडचे ट्रकवाले, यांच्यात राहून त्याला कशाचं काही वाटेनासं झालंय. माझं तोंड बघून म्हणाला, ‘काय, आज कुणाला?’ मी सांगितलं. त्यानं पाइप बंद केला. म्हणाला, ‘टोपलीचा काय गुन्हा?’

टोपलीचा काय गुन्हा, हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, ते माहीत नाही, असं मी समजत होते.

बाबा आमच्या पाड्यातले पहिले विश्वासणारे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंद हसले, काही दिवस बोलेनात, मग पुन्हा बोलायला लागले, कारण बाबांवर फार दिवस रागावून राहणं कुणाला जमायचं नाही. लग्नाला ते सगळ्यांच्या जायचे, जेवायचे, पंगतीत वाढायचे. देवीला हात जोडायची वेळ आली की बाजूला उभे राहायचे, पण तोंड वाकडं करून नाही. कुणी चिडवलंच तर म्हणायचे, ‘तुमची पूजा होऊ द्या, मी चपला राखतो.’ आणि खरंच राखायचे.

रोज सकाळी शेतावर निघण्याआधी ते उंबऱ्यावर थोडा वेळ बसत आणि एक गोष्ट ठरवत. मोठी प्रार्थना वगैरे नाही, एकच गोष्ट. ‘आज धाकट्या काकाच्या बैलाला शिवी द्यायची नाही.’ ‘आज आईनं केलेल्या भाकरीला चांगलं म्हणायचं.’ आम्हा भावंडांनाही विचारत, तुमचं काय ठरलं? दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटायचा आणि ते करायचा. मी मोठ्यानं सांगायची आणि दुपारपर्यंत विसरायची. ठरवून जगणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं, पुस्तकं नंतर आली.

आणि राखण कळली ती माळ्यावर. एका वर्षी रानडुकरं फार झाली म्हणून मी आणि दादानं हट्ट धरला की काट्यांचं कुंपण घालू. घातलं. दोन दिवस हात रक्ताळले. तिसऱ्या दिवशी कुंपण आहे म्हणून आम्ही माळ्यावर गेलोच नाही, आंब्याखाली खेळत बसलो. संध्याकाळी बाबांनी आम्हाला शेताच्या मधोमध नेऊन उभं केलं. रावे वरून उतरले होते, कुंपणाचा त्यांना काय त्रास? मधलं भात पार लोळवलेलं. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘कुंपण घातलं की राखणदाराला झोप लागते. जागं राहा, लेकरांनो, बाकी काही नको.’ मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. हात माझे सोलले होते आणि वर बोलणीही मलाच.

कॅसेटींचीही एक गंमत. जुन्या कॅसेटीची फीत शेतावर ताणून बांधली की वाऱ्यानं घुमते आणि पाखरं बिचकतात. बाबांनी स्वतःच्याच आवाजातल्या गाण्यांच्या दोन कॅसेटी फोडल्या आणि फीत बांधली. आई चिडली, देवाची गाणी ती, पाखरांना कसली ऐकवता! बाबा म्हणाले, ‘माणसं ऐकत नाहीत, पाखरं तरी ऐकतील.’ त्या वर्षी रावे कमी आले, हे आई मरेपर्यंत सांगायची.

आता तो दिवस. लिहायचा नव्हता, पण लिहिते.

नऊ वर्षांपूर्वीचा हाच महिना. डहाणूला तीन तालुक्यांतल्या मंडळ्यांची मोठी सभा होती, विषय अर्थातच मनाची राखण. आमची अख्खी मंडळी दोन टेम्पो भरून गेली. पाळक, वडीलजन, तरुण पोरं, बाया, सगळे. बाबा आले नाहीत. म्हणाले, ‘भात पिकलंय, मी माळ्यावर राखण करतो, तुम्ही तिकडं करा.’ दादाही त्यांच्यासाठी थांबला. हॉलच्या दारात टोपली होती. फोन आवाज बंद करून टोपलीत टाकायचे, जगाला दार बंद. मी स्वतः टोपलीशी उभी होते. मीच जमा करत होते. एक म्हातारी म्हणाली, ‘बाई, घरी सून पोटुशी आहे, राहू दे माझ्याकडे.’ मी म्हणाले, ‘मावशी, देवावर एवढासुद्धा भरवसा नाही का?’ आणि तिच्या हातातून घेतला. तो प्रश्न मला अजून स्वतःच्याच आवाजात ऐकू येतो. थोबाडीत मारावीशी वाटते, स्वतःच्या.

चार वाजता चहाला सुटलो. टोपलीतून फोन घेतला. दादाचे सतरा मिसकॉल. पहिला दहा चाळीसचा.

बाबा माळ्याखाली सावलीत पाणी प्यायला बसले आणि बसल्या बसल्या गेले.

मी जीपनं निघाले. चारोटीला हायवेवर ट्रकांची रांग, जीपवाला माझ्या रडण्याला घाबरून कडेकडेनं गाडी काढत होता. आकाश भरून आलेलं. सहाच्या सुमाराला पोचले तेव्हा ओढ्याकाठी चिता अर्धी जळली होती. भाऊबंद सगळे उभे होते. दादा एका बाजूला, ओल्या अंगानं, हात मातीनं भरलेले. बाबांनी शंभरदा सांगून ठेवलं होतं, मला पुरा, मंडळीच्या जागेत, आईशेजारी. आणि दादानं त्यांना जाळलं.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. देवाच्या माणसानं बोलायचं ते नव्हतं एवढं खरं. दादा खाली बघत राहिला. वहिनी माझा दंड धरायला आली तर मी तिला ढकललं. शेवटी धाकट्या काकांनी विचारलं, ‘जमने, तुला किती वेळा फोन लावला पोरानं, कुठं होतीस तू?’ आणि मी सगळ्यांच्या समोर म्हणाले, ‘रेंज नव्हती. डहाणूला त्या हॉलमध्ये रेंजच येत नाही.’

दादानं तेव्हा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात मंडळीनं दादाला काढलं. बापाची शेवटची इच्छा मोडली, विश्वासाला सोडून वागला, असं ठरलं. वडीलजनांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय? त्या खोलीत बसलेल्या एकूण एक माणसाच्या फोनवर त्या दिवशी दादाचे मिसकॉल आले होते. पाळकांच्या, वडीलजनांच्या, सगळ्यांच्या. खणायला आणि खांदा द्यायला माणसं लागतात, ती सगळी डहाणूला मन राखत बसली होती. कुणी बोललं नाही. मीही नाही. दादालाही विचारलं. तो म्हणाला, ‘मला काय सांगायचं नाही,’ आणि टोपी घालून गेला. मला त्या क्षणी त्याचा इतका संताप आला की बोलत का नाही हा, भांडत का नाही! भांडला असता तर मला बरं झालं असतं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं त्याच्या दारात जायचं आणि त्याच्या हातचा कोरा चहा प्यायचा. चहा प्यायला की मिटलं. मग रविवारी भाकर आणि प्याला. ज्याचं मिटलं नाही त्यानं प्याला हातात आला की पुढच्याकडे सरकवायचा. कितीतरी जण शनिवारी चहा ढोसतात, रविवारी प्याला घेतात आणि सोमवारी बांधावरून पुन्हा शिव्या देतात. मला अशा लोकांची चीड आहे. मी तसली नाही. मी नऊ वर्षं प्याला पुढे सरकवला, दर वेळी, सगळ्यांच्या देखत. बायका कौतुकानं म्हणायच्या, जमनाताई बघा किती खरी, उगाच घेत नाही. आणि मला बरं वाटायचं! ही माझी लायकी.

ठरवून जगायचं बाबांनी शिकवलं होतं, ते मी सोडलं नाही. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून ठरवत होते. आज दादाच्या शेताच्या वाटेनं जायचं नाही. आज वहिनी बाजारात दिसली तर वळायचं. अंगणवाडीला जायची सरळ वाट त्याच्या बांधावरून जाते, मी नऊ वर्षं ओढ्याकडून वळसा घालून गेले, चिखलातून, साप तुडवत. इतकी शिस्त मी कधी चांगल्या कामासाठी पाळली नाही. आणि याला मी काय म्हणायची, माहितीय? मन राखतेय. त्याच्यावरच्या रागानं माझं मन विटाळू नये म्हणून लांब राहतेय. मोठं कुंपण घातलं होतं, काट्याचं, आणि आत मी आंब्याखाली झोपले होते.

तर गुरुवारी टोपली भिरकावली. शुक्रवारी कुणाशी बोलले नाही. नवऱ्यानं रात्रीची भाजी स्वतः केली यावरून ओळखा. आज शनिवार. सकाळी उंबऱ्यावर बसले आणि ठरवलं, आज एक वाक्य खरं बोलायचं. एकच. आणि सरळ वाटेनं निघाले.

दादाचा माळा लांबूनच दिसला. तोच माळा, खांब बदललेले. वर दादा एकटा, डोक्याला टॉवेल, हातात डबा. केस पार पांढरे झालेत, हे मला लांबून कधी दिसलं नव्हतं. शेतावर आता चकचकीत पट्टी ताणलेली, बाजारात मिळते ती. पण एका कडेला जुनी तपकिरी फीत होती, तुटलेली, गाठी मारमारून जोडलेली. बाबांची. ती अजून घुमत होती.

मी खाली उभी राहिले. त्यानं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, ‘बाय, वर ये, ऊन लागंल.’

नऊ वर्षांनी. वर ये, ऊन लागंल. मला इतका राग आला की चपला खालीच भिरकावल्या आणि शिडी चढले.

वर गेले, धापा टाकल्या, आणि बसायच्या आधीच वाक्य बोलून टाकलं. ‘दादा, त्या दिवशी रेंज होती. फोन टोपलीत होता. मीच टाकला होता.’

दादा शेताकडे बघत होता. म्हणाला, ‘माहीत हाय.’

‘काय माहीत आहे? कुणी सांगितलं?’

‘कोण सांगंल? घंटी वाजत होती ना, बाय. सतरा वेळा वाजली. रेंज नसली तर ती बाई बोलते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर हाय म्हणून. तुझी घंटी वाजत होती. पाळकांचीपण वाजत होती. सगळ्यांची वाजत होती.’

म्हणजे चितेजवळ मी खोटं बोलले ते त्याला त्याच घडीला कळलं होतं. मंडळीत उभं करून विचारलं तेव्हाही त्याला माहीत होतं. एक शब्द बोलला असता, ‘घंटी वाजत होती,’ तर सगळ्या खोलीचं तोंड काळं झालं असतं, माझं सर्वांत आधी.

‘मग बोलला का नाहीस?’ मी ओरडले. ‘नऊ वर्षं! लोक तुला काय काय म्हणाले! मी म्हणाले! तोंड शिवलं होतं का तुझं?’

‘तू बा गेल्यावर रेंज नव्हती म्हणून सांगत होतीस,’ तो म्हणाला. ‘मनाला काहीतरी धरून उभी होतीस. ते मी काढून घेतलं असतं तर पडली असतीस. मला काय, मला वहिनी हाय तुझी, भाऊबंद हायेत. मी धरला दम.’

मग त्यानं सांगितलं, हळूहळू, मधे मधे डबा वाजवत. बाराला तो एकटा मंडळीच्या जागेत कुदळ घेऊन गेला होता. आईशेजारी खणायला सुरुवात केली. गुडघाभर खणल्यावर मुरूम लागला, कुदळ वाजायला लागली. तीनला ढग आले. बाबा घरात, उकाडा असा, आणि फोन कुणी उचलेना. तेव्हा भाऊबंद आले. आपल्याच रीतीनं करू म्हणून कुणी अडून बसलं नव्हतं, त्यांनी विचारलं होतं, खड्डा खणायला येऊ का? पण वर पाऊस कोसळायच्या बेतात आणि खाली खडक. धाकट्या काकांनी स्वतःच्या घरची सुकी लाकडं आणली. ‘बाच्या नावानं मीच प्रार्थना केली,’ दादा म्हणाला. ‘मोडकी तोडकी. तुझ्यासारखी येत नाही मला.’

तो खड्डा मंडळीच्या जागेत अजून आहे. पावसात पाणी साठतं त्यात. मी नऊ वर्षं बघतेय, समजत होते कुणीतरी घर लिंपायला माती नेली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, रागच आला, आणि खरं सांगते, अजून उतरला नाही. दादावर राग, इतका गप्प राहिला म्हणून. मंडळीवर राग, कुणीच बोललं नाही म्हणून. त्या गोड आवाजात मन राखा म्हणणाऱ्यांवर राग, ज्यांना मन म्हणजे कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू वाटते. आणि टोपलीशी उभ्या असलेल्या, म्हातारीच्या हातातून फोन ओढणाऱ्या त्या बाईवर तर असा राग की ती समोर आली तर मी तिला सोडणार नाही. बाबा जागं राहा म्हणाले होते. आम्ही सगळ्यांनी मिळून दार लावून घेतलं आणि त्याला भक्ती म्हटलं.

दादानं किटलीतून चहा ओतला. कोरा, गार, साखर तळाशी बसलेला. स्टीलचा पेला माझ्याकडे सरकवला. रीत त्यालाही आठवत होती. मी एका घोटात प्यायले.

‘मिटलं का?’ तो म्हणाला.

‘माझं नाही मिटलं,’ मी म्हणाले. ‘तुझं कधी वाकडं नव्हतंच. आता मंडळीचं बघते.’

तो हसला. बाबांसारखा हसतो, हेही विसरले होते. तेवढ्यात सागाच्या बाजूनं रावे आले, मोठा थवा. दादानं डबा उचलला, पण त्याच्या हाताला आता जोर नाही. मी उठले, पदर खोचला आणि ओरडले, लहानपणी ओरडायची तशी, पोटातून. थवा हवेतच वळला. पलीकडच्या शेतातून धाकट्या काकांचा आवाज आला, ‘जमनी आली काय रे?’

उद्या कापणीचा सण. उद्या प्याला माझ्यापर्यंत येईल आणि मी तो पुढे सरकवणार नाही. घेणारही नाही लगेच. हातात धरून उभी राहणार आहे आणि सगळ्यांना विचारणार आहे की त्या दिवशी कुणाकुणाची घंटी वाजत होती. पाळकांना आताच निरोप दिलाय की उपासना लांबेल. दादाला ये म्हटलं, तर म्हणाला, भात कापणीला आलंय, बघतो, फोन करतो.

कर म्हटलं. टोपली दारात असली तरी माझा फोन माझ्या हातात असेल, आवाज पूर्ण मोठा करून, आणि वाजला की पहिल्या घंटीला उचलणार आहे, मग पाळक भाकर मोडत असले तरी.